कोथिंबिरीच्या कुळातली

ईराच्या पिवळ्या जॅकेटच्या दोन खिशांतून एकूण एकोणीस वस्तू निघाल्या. किचनच्या काउंटरवर पेपर टॉवेल पसरून मी त्या ओळीनं मांडल्या. सात खडे, त्यातला एक भोक असलेला. दोन पिसं, एक राखाडी, एक निळं. गोगलगाईचे तीन रिकामे शंख. बाटलीचं एक झाकण. लाल लोकरीचा एक तुकडा. आणि पाच पोकळ देठ, सगळ्यात आखूड नऊ सेंटिमीटर, सगळ्यात लांब चौदा. दोन देठांच्या टोकांवर दातांच्या खुणा होत्या.

"यातलं कुठलं?" स्वप्नालीवहिनीनं विचारलं. तिच्या हातात फोन होता. संध्याकाळी वॉक-इन क्लिनिकमधल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, की ईराला कुठल्या तरी झाडाचा चीक लागलेला वाटतो. चीक लागलेल्या जागेवर ऊन पडलं की कातडी अशी भाजून निघते. झाड सापडलं तर फोटो पाठवा.

मी भांडी घासायचे रबरी हातमोजे घातले होते. एक देठ उचलून दिव्याखाली धरला. अंगावर उभ्या खोल खाचा, पेर सोडून मधला भाग पोकळ, वास थोडा गाजरासारखा.

"हे," मी म्हटलं. "जंगली पार्सनिप."

ओळखायला मला फार तर चार सेकंद लागले असतील.

सोफ्यावर ईरा बसली होती. वरच्या ओठावर दोन फोड होते, खालच्या ओठाच्या उजव्या बाजूला एक, आणि डाव्या मनगटावर फोडांचा एक लांब पट्टा, कुणी तापलेली सळई टेकवल्यासारखा. ओठ हलवला की दुखायचं, म्हणून ती फार बोलत नव्हती. क्लिनिकमध्ये डॉक्टरांनी विचारलं होतं, हे झाड घ्यायच्या आधी कुणा मोठ्या माणसाला विचारलं होतंस का? तेव्हा ती कोपऱ्यातल्या वजनकाट्याकडे बघत म्हणाली होती, "नो. आय डिडन्ट आस्क एनीवन."

मी तिच्या शेजारच्या खुर्चीवर होते. मी काही बोलले नाही.

निमिषदादा माझा मोठा भाऊ. स्वप्नालीवहिनी त्याची बायको आणि ईरा त्यांची सात वर्षांची मुलगी. पुण्यात बी.एस्सी.ला वनस्पतिशास्त्र घेऊन मी मास्टर्ससाठी इथं कॅनडात, ऑन्टॅरिओतल्या लंडनला आले आणि दोन वर्षं गावातून वाहणाऱ्या थेम्स नदीच्या पाण्यातलं फॉस्फरस मोजत राहिले. एप्रिलमध्ये डिग्री हातात आली. नोकरी मिळेपर्यंत मी दादाच्या बेसमेंटमध्ये राहत होते. जुलैचे पहिले तीन आठवडे, ईराचा समर कॅम्प सुरू होईपर्यंत, मी तिला दुपारी सांभाळायचं आणि तीन ते पाच तिच्याशी फक्त मराठीत बोलायचं, एवढंच वहिनीनं मागितलं होतं. वहिनी नागपूरची. हॉस्पिटलच्या आयटी विभागात काम करते. ईरानं वहिनीच्या आईशी फोनवर 'हाय नानी, बाय नानी' याच्या पुढे कधीतरी बोलावं, ही तिची मनापासूनची इच्छा होती.

"बघ हं चैत्राली," दादा ओटावातल्या कानाटा भागातल्या ऑफिसात तीन आठवड्यांसाठी जाताना ईरासमोरच म्हणाला होता, "पोरगी मराठी बोलली नाही ना, तर तुझं पुण्याचं तिकीट काढतो. खिडकीची सीट देईन, काळजी करू नकोस."

पहिले तीन दिवस मी प्रामाणिकपणे बोलले. मी मराठीत विचारायचे, ती इंग्लिशमध्ये 'आय डोन्ट नो' म्हणायची. चौथ्या दिवशी माझ्या प्राध्यापकांची मेल आली. आमच्या पेपरवर परीक्षकांचे शेरे आले होते आणि महिनाअखेरपर्यंत सगळे आलेख नव्यानं करायचे होते. त्या दुपारी तीन वाजता मी टीव्हीवर 'हॅझलकोंब लेन' लावून दिली.

ही लहान मुलांची ब्रिटिश मालिका. कागद कापून केलेली चित्रं हलतात. इंग्लंडमधल्या एका खेड्यातली अरुंद पायवाट, दोन्ही बाजूंना झुडपांची दाट कुंपणं, आणि तिथं राहणारा पोस्टमनचं काम करणारा बॅजर हा प्राणी, सतत तक्रार करणारा छोटा काटेरी हेजहॉग आणि जुन्या चालीरीती माहीत असलेली एक म्हातारी, मिसेस थिसलवेट. प्रत्येक भागात एक चालरीत. मॅगपाय पक्षी एकटाच दिसला तर त्याला नमस्कार करायचा. मे महिन्याच्या पहिल्या सकाळी दवानं तोंड धुवायचं. भोक असलेला खडा सापडला तर खिशात ठेवायचा. घरात काही घडलं की मधमाश्यांना जाऊन सांगायचं, नाहीतर त्या रुसून निघून जातात. एक भाग अकरा मिनिटांचा. मी एका वेळी पाच लावायचे, नंतर नंतर आठ. लॅपटॉप मांडीवर घेऊन मी मागे बसायचे आणि मधूनमधून मलाही मान वर करून बघावंसं वाटायचं, इतकी ती चांगली होती.

पावणेपाचला मी टीव्ही बंद करून त्यातलीच एक गोष्ट तिला मराठीत सांगायचे आणि पाठ करून घ्यायचे. हेजहॉगला मराठीत काय म्हणतात ते मला आठवेना, म्हणून मी साळिंदर केलं. वाऱ्यानं झाडं कुडकुडत होती म्हणून साळिंदरानं आपले काटे कुंपणाला उसने दिले, तेव्हापासून कुंपणाच्या झाडांना काटे असतात. ईरानं ही गोष्ट सहा वाक्यांत म्हणून दाखवली तेव्हा वहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं व्हिडिओ काढून माहेरच्या ग्रुपवर टाकला.

"आई म्हणते, ही गोष्ट तिनं लहानपणी ऐकलेली आहे," दुसऱ्या दिवशी ती मला म्हणाली. "भंडाऱ्याकडची आहे म्हणे. तुला कुठं मिळाली गं?"

"असंच," मी म्हटलं.

मालिका बघताना ईरा प्रश्न विचारायची. "आत्या, इज धिस द सेम लंडन? मिसेस थिसलवेट लंडनला ट्रेननी जाते, ते?"

"हो."

"आणि थेम्स? सेम थेम्स?"

"हो, तीच." इथल्या थेम्सच्या तेरा ठिकाणच्या पाण्याचे नमुने मी दोन वर्षं दर पंधरवड्याला भरले होते. पण 'नाही' म्हटलं असतं तर पुढचे दहा प्रश्न आले असते.

मग ती घरामागच्या पायवाटेवर जायला लागली. आमच्या नव्या वसाहतीच्या मागे पावसाचं पाणी साठवायचं तळं आहे, त्याच्या कडेनं वाट जाते. मी घरामागच्या लाकडी डेकवर बसायचे, तिथून तिचं पिवळं जॅकेट दिसायचं. पाऊस नसला तरी ती ते घालायची, कारण बॅजर पिवळा रेनकोट घालतो. ती खडे गोळा करायची, पक्ष्यांना नमस्कार करायची. तिच्या लेखी ती हॅझलकोंबलाच होती, आणि तसं तिला मीच सांगितलेलं होतं.

मंगळवारी दुसऱ्याच भागात बॅजरनं पोकळ देठाची पिपाणी केली. भाग संपताच ईरा टीव्ही सोडून वाटेवर पळाली आणि अर्ध्या तासानं डेकच्या पायऱ्यांपाशी आली.

"आत्या, धिस वन हॅज यलो फ्लॉवर्स. त्यांचं व्हाईट होतं. इज इट ओके?"

मी आलेखातल्या आकड्यांची संभाव्य चूक दाखवणाऱ्या रेषा बसवत होते. स्क्रीनच्या कडेला छत्रीसारखं काहीतरी पिवळं हललं. मी मान वर केली नाही.

"हो गं. कोथिंबिरीच्या कुळातली आहे."

वाक्य खरं होतं. गाजर, जिरं, बडीशेप, कोथिंबीर आणि जंगली पार्सनिप, सगळी एका कुळातली. फुलांची छत्री दिसली की कूळ लांबूनही कळतं. पण तिनं मला कूळ विचारलं नव्हतं.

"लाइक, कोथिंबीर कोथिंबीर? पोह्यांवरची?"

"हं. पोह्यांवरची."

ईराला कोथिंबीर फार आवडते. वहिनी चिरायला बसली की ती काड्या उचलून नुसत्या खाते.

बुधवारी ओठ लाल झाला. वहिनीला वाटलं डास चावला. गुरुवारी फोड आले.

त्या रात्री ईरा झोपल्यावर वहिनी काउंटरवरचे देठ पिशवीत गुंडाळत होती. ती म्हणाली, "दहा वेळा सांगितलं आहे, बाहेरचं काही तोंडात घालायचं नाही. विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. ऐकतच नाही. आता कॅम्प बंद. मी मेल करून टाकली. थोडं कळू दे."

"वहिनी, कॅम्प कशाला…"

"नाही, नाही. लाड पुरे." मग तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आणि तू तोंड पाडून बसू नकोस. तू मराठी शिकवशील का तिच्या मागे धावशील? नजर चुकवून गेली, तू तरी काय करणार?"

खाली बेसमेंटमध्ये जाऊन मी आलेख उघडला. मंगळवारी दुपारी सेव्ह केलेल्या फायलीवर वेळ होती तीन वाजून बावन्न मिनिटं. मी ईराला उत्तर दिलं ते साधारण त्याच सुमाराला. त्यानंतर ती तासभर उन्हात होती.

शुक्रवारी मी दोनदा वर गेले आणि दोन्ही वेळा दुसरंच काहीतरी बोलून परत आले. एकदा विचारलं, दूध आणायचंय का. कॅम्पला न्यायच्या वस्तूंची यादी ईराच्या खोलीच्या दारावर चिकटवलेली होती, टोपी, पाण्याची बाटली, स्विमसूट, प्रत्येकापुढे तिनं स्वतः बरोबरची खूण केलेली. संध्याकाळी ती यादी दारावर नव्हती.

शनिवारी सकाळी मी पायऱ्या चढून वर आले तेव्हा ईरा मागच्या खोलीतल्या खिडकीशी स्टूल लावून उभी होती. तिला बाहेर जायला बंदी होती. खिडकीची काच वर सरकवलेली होती, जाळी बंद होती, आणि बाहेर वहिनीनं लावलेल्या लव्हेंडरवर मधमाश्या आणि दोन-तीन केसाळ भुंगे होते. ईरानं चौकटीवर बोटानं तीनदा टकटक केलं. मिसेस थिसलवेट करते तसं.

"मधमाश्यांनो, आमच्या घरात एक बातमी आहे," ती हळूच म्हणाली. ओठ न दुखवता, शब्द मोजून. "मला भाजलं. मम्मा रागावली. मी सांगितलं, मी कुणाला विचारलं नाही. ते खोटं आहे. मी आत्याला विचारलं होतं. पण आत्याचं नाव सांगितलं तर बाबा तिला पुण्याला पाठवेल. तिकीट आहे त्याच्याकडे. म्हणून मी सांगणार नाही. तुम्ही पण सांगू नका. आणि जाऊ नका."

ती मराठीत का बोलली ते मला अजून नक्की माहीत नाही. कुंपणापलीकडे शेजारची मुलं ट्रॅम्पोलिनवर उड्या मारत होती, त्यांना कळू नये म्हणून असेल. माझ्या सगळ्या दुपारी मिळून ती एवढं मराठी बोलली नव्हती.

मी तशीच उलट पावली जिन्यापाशी आले. वहिनी खाली लाँड्रीत होती, ड्रायरमधून कपडे काढत होती. मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"वहिनी, ईरानं मला विचारलं होतं."

"काय?"

"मंगळवारी. ते झाड दाखवून विचारलं होतं, चालेल का. मी हो म्हटलं. म्हटलं कोथिंबिरीच्या कुळातली आहे. मी वर बघितलंच नाही."

तिच्या हातात ईराचा एक मोजा होता. ती त्याचा जोडीदार शोधत राहिली.

"आणि मी तिच्याशी मराठी बोलतच नव्हते. टीव्ही लावून द्यायचे. त्या इंग्लंडच्या खेड्याची मालिका. ते सगळं तिला तिथूनच कळलं. मीच सांगितलं की हे तेच लंडन आहे."

"आणि साळिंदराची गोष्ट?"

"त्यातलीच. हेजहॉग होता तो."

वहिनीनं मोजा खाली ठेवला. "मग आईनं लहानपणी भंडाऱ्याला कशी काय ऐकली?"

एक क्षण तिचा चेहरा हसेल असा झाला, आणि मग हसला नाही.

"अख्ख्या ग्रुपवर टाकलं मी ते," ती म्हणाली. "मावशीनं तिच्या शाळेत सांगितली ती गोष्ट. बरं, ते जाऊ दे. मला एक सांग. तू नदीत काय काय असतं ते पार चार दशांशापर्यंत मोजतेस. माझं पोर समोर येऊन उभं राहतं, हातात फूल घेऊन विचारतं. तुला मान वर करायला किती वेळ लागला असता?"

"चार सेकंद."

"मोजलेस पण?"

"हो."

"वा." ती खुर्चीवर बसली. ड्रायरचं दार उघडंच होतं. "आणि गुरुवारपासून मी तिला बोलून राहिले. तिचा कॅम्प काढून घेतला. क्लिनिकमध्ये ती खोटं बोलली तेव्हा तू शेजारी बसली होतीस. आज शनिवार आहे, चैत्राली."

"मी आजच जाते, वहिनी. मैत्रिणीकडे जागा आहे. दादाला मी सांगते."

"कुठंही जायचं नाही. पळून जाणं सोपं आहे." ती उठली. "आधी वर चल. तिला सांग. माझ्यासमोर सांग, आणि मराठीत सांग. मग बाकीचं बघू."

ईरा अजून खिडकीशीच होती. आम्हा दोघींना एकदम बघून तिनं स्टुलावरून उडी मारली.

"मी मम्माला सांगितलं," मी म्हटलं. "तू मला विचारलं होतंस आणि मी न बघता हो म्हटलं. चूक माझी आहे. तुझी नाही."

तिनं आईकडे बघितलं, मग माझ्याकडे. "आर यू गोइंग टू पुणे?"

"नाही."

"कोणी कुठं जात नाहीये," वहिनी म्हणाली. "बाबा गंमत करत होता, वेडे. तिकीटबिकीट काही नाही." ती खाली वाकून ईराच्या उंचीला आली. "आणि मी उगीच रागावले तुझ्यावर. कॅम्पला उन्हामुळे जाता येणार नाही, डॉक्टरांनी नको सांगितलंय. पण ती शिक्षा नाही. कळलं?"

ईरानं मान हलवली. ती माझ्याकडेच बघत होती.

"अजून एक," मी म्हटलं. "हे ते लंडन नाही. ते इंग्लंडमध्ये आहे, समुद्रापलीकडे. नदी पण ती नाही. इकडच्या लोकांनी तिकडची नावं ठेवली. मला माहीत होतं. तरी मी तुला हो म्हटलं."

"व्हाय?"

"तू प्रश्न विचारायचं थांबावंस म्हणून."

तिनं स्टूल भिंतीशी सरकवलं. मग म्हणाली, "सो व्हॉट एल्स?"

"म्हणजे?"

"अजून कशाकशाला न बघता हो म्हटलंस?"

मी खाली बसले आणि आठवायला लागले. कॅनडातल्या खारी जानेवारीभर झोपून राहतात का, याला मी हो म्हटलं होतं. तळ्यातलं पाणी स्वच्छ आहे का, याला हो. तिची मैत्रीण पुढच्या वर्षी तिच्याच वर्गात असेल का, यालाही हो, आणि ते तर मला माहीत असायचं काही कारणच नव्हतं. मी एकेक सांगत गेले. वहिनी दाराला टेकून ऐकत होती. ईरानं मध्ये एकदाही 'इट्स ओके' म्हटलं नाही.

दादाला वहिनीनंच फोन केला. तो बारा मिनिटं चालला. नंतर दादा माझ्याशी बोलला तेव्हा त्यानं एकच विचारलं, पेपर पाठवलास का. मी नाही म्हटलं. तो म्हणाला, पाठव आता, एवढं झालंच आहे तर. त्या वाक्यात रागावण्यासारखं काही नव्हतं, तरी मला ते दिवसभर आठवत राहिलं.

पुढच्या आठवड्यात फोड बसले आणि त्यांच्या जागी तपकिरी डाग उरले. त्वचेच्या दवाखान्यातल्या बाईंनी सांगितलं, असे डाग काही महिने, कधी वर्ष-दोन वर्षंही राहतात. ऊन टाळा, आणि दर आठवड्याला एकाच वेळी, एकाच उजेडात मोजून लिहून ठेवा. वहिनीनं वहीचं पान माझ्यापुढे सरकवलं आणि म्हणाली, "हे तुझं काम."

पहिल्या रविवारी मी पारदर्शक पट्टी ईराच्या मनगटावर ठेवली आणि आकडा सांगितला. तिनं हात मागे घेतला.

"लेट मी सी." पट्टी तिनं माझ्याकडून घेतली, स्वतःच्या मनगटावर ठेवली, डोळे पार जवळ नेऊन रेघा मोजल्या. "ओके. आता लिही."

तेव्हापासून पट्टी ती धरते. ओठासाठी आरशासमोर उभी राहते. मी वही घेऊन बसते. तिनं आकडा इंग्लिशमध्ये सांगितला की वहिनी किचनमधून ओरडते, "मराठीत!" आणि एकतीस की एकवीस यावरून थोडा गोंधळ होतो. माझं वाचन तिला चालत नाही. एकदा मी तिच्या खांद्यावरून आकडा म्हटला तर तिनं पट्टी उचलून पहिल्यापासून मोजलं.

काल नववा रविवार होता. आम्ही सकाळी दहाला मागच्या खोलीत बसलो. वरच्या ओठावर डाग दिसला नाही. खालच्या ओठावर उजव्या बाजूला सात मिलिमीटर लांब, तीन रुंद. मग तिनं मनगट टेबलावर ठेवलं, पट्टी लावली, वाचलं, पट्टी काढली, परत लावली.

"एकतीस," ती म्हणाली. "आणि नऊ. लास्ट वीक?"

मी मागचं पान उलटलं. डाग तेवढाच होता. एकतीस आणि नऊ.